विद्यापीठातले नाटक आणि मराठवाड्याचा अनुशेष

गारखेड्याहून विद्यापीठाला निघालेल्या विद्यार्थ्याला अख्खे शहर ओलांडून जावे लागते. गारखेडा शहराच्या आग्नेयेला, विद्यापीठ वायव्येला, लेण्यांच्या डोंगराच्या पायथ्याशी. गारखेडा एके काळी खेडे होते. शेतांचे प्लॉट झाले, प्लॉटांवर शिक्षकांच्या, कारकुनांच्या, बँकेतल्या नोकरदारांच्या वसाहती उभ्या राहिल्या. सूतगिरणीचे नाव आता एका चौकाला उरले आहे. या वस्तीत दिवाळीच्या मागेपुढे संध्याकाळी फेरफटका मारणाऱ्यास एक दृश्य हमखास दिसते. एखाद्या शाळेच्या वर्गात बाके भिंतीला लावलेली असतात, मधल्या मोकळ्या जागेत दहा-बारा मुलेमुली एकच प्रवेश पुन्हा पुन्हा करीत असतात आणि दाराशी शिपाई किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन घड्याळाकडे पाहत उभा असतो. युवक महोत्सव जवळ आलेला असतो, किंवा राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी.

या मुलांपैकी काही विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात शिकणारी असतात, बरीचशी नसतात. तथापि त्या वर्गात जे चालले आहे त्याच्यामागे या शहरातील विद्यापीठीय नाटकाचा पाऊणशे वर्षांचा इतिहास उभा आहे. तो इतिहास सहसा एकत्र सांगितला जात नाही. नाट्यसमीक्षक त्यातून प्रयोगांची नावे उचलतात, चळवळीचे अभ्यासक त्यातून दलित रंगभूमी उचलतात, आणि विद्यापीठाचा हिशेब पाहणारे त्यातून फक्त एका लहान विभागाचा खर्च उचलतात. तिन्ही हिशेब एका वहीत मांडले तर मराठवाड्याविषयी बरेच काही समजते.

मुळात या प्रदेशात नाटक महाविद्यालयाच्या दारातून आले ते उशिरा. पुण्या-मुंबईत इंग्रजी अमदानीत कॉलेजांची स्नेहसंमेलने एकोणिसाव्या शतकातच रूढ झाली होती. किर्लोस्कर, देवल, खाडिलकर यांचे प्रेक्षक त्या वातावरणात घडले. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे अध्यापनाचे माध्यम उर्दू होते, आणि औरंगाबादचे १९२३ साली निघालेले इंटरमीडिएट कॉलेज त्याच विद्यापीठाशी जोडलेले होते. वलीचे आणि सिराजचे हे शहर उर्दू कवितेचे जुने माहेर; त्यामुळे येथे साहित्य नव्हते असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु ज्या भाषेत आई मुलाला हाक मारी त्या भाषेत वर्गात बोलण्याची सोय नव्हती. शिवाय सार्वजनिक सभांना सरकारी परवानगीची अट घालणारे ‘गश्ती निशाण ५३’ सारखे हुकूम होतेच. चार माणसे जमवून मोठ्याने बोलण्यास जेथे परवानगी लागते तेथे रंगभूमीची वाढ खुंटावी यात आश्चर्य नाही. लोक गप्प बसले नव्हते. पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात भारुडातून जोशी, गोंधळी, महार, वाघ्या, मुरळी यांना बोलते केले होते. ती परंपरा देवळाच्या ओट्यावर आणि जत्रेच्या फडात चालूच होती. फक्त शाळा-कॉलेजच्या लेखी ती नाटकात जमा नव्हती.

१९४८ च्या सप्टेंबरात संस्थान मुक्त झाले आणि दोनच वर्षांनी, १९५० साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. पुढे त्यास मिलिंद महाविद्यालय हे नाव मिळाले आणि त्याच्या परिसरास नागसेनवन. ही नावेच पाहण्यासारखी आहेत. राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांची कीर्ती त्यांच्या संवादामुळे आहे. एक विचारतो, दुसरा उत्तर देतो, आणि प्रश्न विचारणारा राजा असूनही उत्तर देणारा त्याला भीत नाही. ज्या महाविद्यालयाचे नावच संवादावरून पडले तेथे नाटक निघाले नसते तरच नवल.

ते निघाले, आणि प्राचार्यांच्याच लेखणीतून निघाले. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी ‘युगयात्रा’ लिहिले, १९५५ च्या सुमारास मिलिंदच्या विद्यार्थ्यांनी ते केले आणि खुद्द बाबासाहेबांनी ते पाहिले. रामायणकाळापासून आधुनिक काळापर्यंत अस्पृश्य समाजाच्या वाट्यास जे आले त्याचा पट या नाटकात होता. १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरला धम्मदीक्षेच्या वेळी त्याचा प्रयोग झाला. एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या, जेमतेम सहा वर्षांच्या महाविद्यालयाचे नाटक लाखोंच्या समुदायापुढे जावे, अशी दुसरी घटना मराठी महाविद्यालयीन रंगभूमीच्या इतिहासात शोधून सापडणे कठीण. स्नेहसंमेलनाच्या नाटकाची आपल्याकडची रूढ कल्पना म्हणजे परीक्षेआधीची करमणूक. येथे प्रारंभच वेगळ्या हेतूने झाला. ज्यांच्या वाडवडिलांना वेशीबाहेर उभे केले होते ती मुले प्रकाशात, उंचावर, सर्वांसमोर उभी राहून स्वतःचा इतिहास बोलत होती. दलित रंगभूमीचा आरंभ अभ्यासक ‘युगयात्रे’पासून धरतात तो यासाठीच. त्याआधीची आंबेडकरी जलशांची परंपरा अर्थातच मोठी होती. पण जलसा वस्तीतून आला होता. ‘युगयात्रा’ महाविद्यालयातून आले. नाटक हे शिक्षणाचे अंग आहे ही गोष्ट या विभागात पहिल्यांदा नागसेनवनात सिद्ध झाली, आणि तेव्हा विद्यापीठाचा पत्ताही नव्हता.

मराठवाडा विद्यापीठाची स्थापना २३ ऑगस्ट १९५८ ची. पंडित नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झाले, डोंगरकेरी पहिले कुलगुरू. राज्य तेव्हा द्विभाषिक मुंबईचे. पहिली दहा-पंधरा वर्षे भाषा, इतिहास, शास्त्रे, वाणिज्य हे नेहमीचे विषय उभे करण्यात गेली, आणि ते योग्यच होते. नाट्यशास्त्राचा विभाग आला सत्तरीच्या दशकात. त्या दशकाची आठवण ज्यांना आहे त्यांना या गोष्टीतला विरोधाभास सांगावा लागणार नाही. १९७२ चा दुष्काळ नुकताच होऊन गेलेला; खडी फोडणाऱ्या बायकांच्या रांगा रस्त्यांवरून उठल्या नव्हत्या. १९७४ मध्ये नोकऱ्या, रेल्वे, उद्योग या मागण्यांसाठी मराठवाडा विकास आंदोलनात विद्यार्थी रस्त्यावर आले. ज्या प्रदेशास प्यायला पाणी नाही त्याने नाटकाचा वर्ग काढावा काय, असा प्रश्न तेव्हा कोणी विचारला असेल तर त्यास दोष देता येणार नाही.

त्या प्रश्नाला इतरत्र दिलेली उत्तरे पाहण्यासारखी आहेत. नाटक हा विद्यापीठाचा विषय होऊ शकतो की नाही याबद्दल श्रीमंत देशांनाही बराच काळ संशय होता. अमेरिकेत जॉर्ज पिअर्स बेकर हे हार्वर्डला नाट्यलेखनाचा वर्ग घेत. त्याला विद्यापीठाने पदवीची मान्यता दिली नाही म्हणून ते १९२५ साली येलला गेले आणि येलचा नाट्यविभाग त्यातून उभा राहिला. शेक्सपिअरच्या इंग्लंडमध्ये विद्यापीठीय नाट्यविभाग निघायला १९४७ साल उजाडावे लागले, आणि तोही ऑक्सफर्ड-केंब्रिजला न निघता ब्रिस्टलला निघाला. आपल्याकडे बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठाने लवकर पाऊल टाकले. दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ चे. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र १९८७ साली सुरू झाले, आणि मुंबई विद्यापीठात नाट्यकलेचे शिक्षण देणारी अकादमी एकविसावे शतक लागल्यावर आली. म्हणजे ज्या दोन शहरांत मराठी नाटकाचे सगळे वैभव एकवटले होते तेथील विद्यापीठांच्या कितीतरी आधी मागासलेल्या मराठवाड्याने हा विषय पदवीच्या अभ्यासक्रमात आणला. पुण्या-मुंबईला विद्यापीठाची गरज भासली नाही, कारण तेथे व्यावसायिक कंपन्या आणि हौशी संस्था हेच विद्यालय होते. मराठवाड्यात ते नव्हते. म्हणून विद्यापीठाला ते व्हावे लागले. बाजार जेथे सेवा पुरवीत नाही तेथे सार्वजनिक संस्थेने ती पुरवावी, हा अर्थशास्त्रातला साधा सिद्धान्त येथे कोणी मुद्दाम न आठवता अमलात आला.

विभाग उभा करण्याचे श्रेय कमलाकर सोनटक्के यांच्याकडे जाते. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची शिस्त घेऊन ते येथे आले. प्रकाशयोजना, नेपथ्य, वेशभूषा, आवाजाचा व्यायाम या गोष्टींना पाठ्यक्रमात जागा असते, त्यांची परीक्षा घेता येते, हे येथील विद्यार्थ्याला तोपर्यंत ठाऊक नव्हते. तोवरचे हौशी नाटक म्हणजे पाठांतर, रंगवलेला पडदा आणि ऐन वेळी उसना आणलेला कोट.

पण तालीम आणि तंत्र एवढ्यावर विभागाची ओळख ठरली असती तर तो दिल्लीच्या विद्यालयाची एक लहान प्रतिकृती होऊन राहिला असता. तसे झाले नाही याला दोन माणसे विशेष कारण झाली, आणि दोघेही त्या विभागातले शिक्षक.

एक लक्ष्मण देशपांडे. १९७९ साली त्यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हा एकपात्री प्रयोग उभा केला. एकटा माणूस, सुमारे अडीच-तीन तास, बावन्न व्यक्तिरेखा. नेपथ्य जवळजवळ नाहीच, एखाद्या वस्त्राच्या फेरबदलावर बाई होते, म्हातारा होतो, परदेशी पाहुणा होतो. मराठवाड्यातल्या खेड्यातले कुटुंब मुलाच्या लग्नासाठी विमानाने लंडनला जाते एवढीच कथा. या प्रयोगाचे कौतुक बहुधा त्याच्या विनोदासाठी आणि विक्रमासाठी होते; गिनीज बुकात त्याची नोंद झाली हे लोक आवर्जून सांगतात. अधिक महत्त्वाची गोष्ट भाषेची आहे. त्याआधी मराठी रंगभूमीवर मराठवाड्याची बोली येई ती बहुशः गड्याच्या, शिपायाच्या तोंडी. प्रेक्षक हसे ते तिच्याकडे पाहून. देशपांड्यांच्या प्रयोगात सगळेच ती बोलतात. शहाणाही तीच बोलतो, मूर्खही तीच, रागावलेली आईही तीच. त्यामुळे हसू भाषेवरून उठून माणसावर जाते. पुण्याच्या, मुंबईच्या, पुढे परदेशातल्या प्रेक्षकांनी तीन तास ही बोली ऐकली आणि ती त्यांना कळली. नागरी प्रमाण भाषेच्या आग्रहापोटी वर्गात गप्प बसणाऱ्या मराठवाड्यातल्या मुलाच्या दृष्टीने ही घटना किती मोठी होती, हे येथे ज्यांनी पहिल्या वर्षाच्या वर्गावर शिकवले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. देशपांडे २००९ साली गेले. प्रयोग मात्र थांबला नाही. संदीप पाठक या अभिनेत्याने तो पुढे चालवला.

दुसरे रुस्तुम अचलखांब. ‘गावकी’ हे त्यांचे आत्मकथन दलित आत्मकथनांच्या वाचकांना परिचित आहे. तमाशा हा त्यांच्या अभ्यासाचा आणि प्रयोगाचा विषय. ‘तमाशा लोकरंगभूमी’ हा ग्रंथ त्यातूनच झाला. गावगाड्यात ज्या कलेला आणि ती करणाऱ्या जातींना हलके मानले, ती कला विद्यापीठात शास्त्र म्हणून शिकवली जाणे, आणि ती शिकवणाराही त्याच गावगाड्याचे चटके सोसून आलेला असणे, ही गोष्ट लहान नाही. गण, गौळण, बतावणी, वग यांची रचना जो विद्यार्थी समजून घेतो त्याला ब्रेख्त परका वाटत नाही. पात्राने पात्रातून बाहेर येऊन प्रेक्षकाशी बोलावे ही युक्ती जर्मनीतून शिकावी लागत नाही. ती सोंगाड्याने केव्हाच केलेली आहे.

या दोन माणसांच्या मध्ये विद्यापीठाच्या इतिहासातला सर्वांत कठीण काळ येतो. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. खेड्यापाड्यांतून दलितांची घरे जळाली, माणसे मारली गेली, कुटुंबे गाव सोडून गेली. ठराव झाल्यापासून १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होईपर्यंत जवळजवळ सोळा वर्षे गेली. या सोळा वर्षांत एकाच वर्गात, एकाच तालमीत, दोन्ही बाजूंच्या घरांतली मुले होती, ही गोष्ट फारशी कोणी नोंदवून ठेवलेली नाही. नाटकाच्या तालमीत एकमेकांच्या अंगाला हात लागतो, एका ताटातला खाऊ खाल्ला जातो, एकाने दुसऱ्याचा बाप व्हायचे असते. बाहेरच्या भांडणाचा निकाल तालमीच्या खोलीत लागत नाही, पण भांडण तेथे आत येताना चप्पल तरी काढून येते.

या काळाने जी नाटके दिली त्यांत नांदेडच्या दत्ता भगत यांचे ‘वाटा-पळवाटा’ अग्रभागी ठेवावे लागेल. नांदेड तेव्हा याच विद्यापीठाच्या कक्षेत होते. १९९४ मध्येच, १७ सप्टेंबरला, तेथे स्वतंत्र विद्यापीठ झाले. भगतांच्या नाटकात काका, सतीश आणि अर्जुन अशा तीन पिढ्या आहेत: बाबासाहेबांना पाहिलेला वृद्ध, प्राध्यापक झालेला मधला आणि धीर संपलेला तरुण. सतीशची पत्नी ब्राह्मण घरातली आहे. नाटकातला वाद सवर्ण विरुद्ध दलित असा सरळ न राहता घरातल्या घरात पेटतो, आणि प्राध्यापकाची समजूतदार भूमिका ही वाट की पळवाट, हा प्रश्न लेखक प्रेक्षकाच्या पदरात टाकून मोकळा होतो. प्राध्यापक मंडळींनी हे नाटक पाहताना खुर्चीत जरा चुळबूळ करावी, असे ते आहे. औरंगाबादच्याच प्रकाश त्रिभुवन यांचे ‘थांबा, रामराज्य येतंय!’ हेही याच घुसळणीतले.

याच सुमारास, ऐंशीच्या दशकात, या शहरात ‘जिगीषा’ ही तरुणांची संस्था निघाली. चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी आणि त्यांचे सोबती स्पर्धेतून, एकांकिकांतून पुढे आले आणि मुंबईस गेले. १९९१ साली दळवींचे ‘चारचौघी’ कुलकर्णींच्या दिग्दर्शनाखाली आले. १९९४ मध्ये एलकुंचवारांची ‘वाडा’ नाट्यत्रयी सलग सादर करण्याचे धाडसही कुलकर्णींचेच. अजित दळवी यांच्या ‘गांधी विरुद्ध गांधी’चे दिग्दर्शनही त्यांनीच केले. बीड जिल्ह्यातून आलेले वामन केंद्रे ‘झुलवा’ने गाजले आणि पुढे राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक झाले. नव्वदीनंतरच्या मराठी नाटकाची यादी करावयास बसले की मराठवाड्याची नावे येत राहतात, आणि ती सगळी मुंबईच्या किंवा दिल्लीच्या पत्त्यावर येतात.

येथे अभिमानाबरोबर हिशेबाची वही उघडणे भाग आहे. मराठवाडा कापूस पाठवतो, कापड बाहेर विणले जाते. दिवाळी झाली की बीड-जालन्याची माणसे कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. नटांची आणि नाटककारांची गोष्ट यापेक्षा निराळी नाही. घडवण्याचा खर्च येथे होतो, मोल तेथे मिळते. फरक इतकाच की ऊसतोड कामगार उन्हाळ्यात परत येतो.

१९८४ साली प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने राज्यातील प्रादेशिक अनुशेष मोजला. सिंचन, रस्ते, गावांचे विद्युतीकरण, आरोग्य, पाणीपुरवठा, सामान्य आणि तांत्रिक शिक्षण या गोष्टी तिने तपशिलाने तपासल्या. कोणता जिल्हा सरासरीच्या किती खाली आहे, हे आकड्यांनी सांगितले. त्या अहवालाचे ऋण मराठवाड्यावर मोठे आहे. परंतु त्यातील कोष्टकांत नाट्यगृह नव्हते, ग्रंथालयाबाहेरची संस्कृती नव्हती. कोष्टकात जे नसते त्याचा अनुशेष निघत नाही आणि जो निघत नाही तो भरूनही निघत नाही. दांडेकरांना दोष देण्याचे कारण नाही. पाणी आणि रस्ता आधीच येतो. गाऱ्हाणे नंतरच्या चाळीस वर्षांविषयी आहे.

नाटकाच्या शिक्षणाचा खर्च का वाढतो आणि तो कमी का करता येत नाही, याचे उत्तर विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये दिले. त्यांचे म्हणणे सोपे आहे. कारखान्यात यंत्र आले की त्याच कामगाराच्या हातून दुप्पट माल निघतो, म्हणून त्याचे वेतन वाढवता येते. पण चौघांनी वाजवायची रचना दोनशे वर्षांपूर्वी जितक्या वेळात चौघे वाजवीत, तितक्याच वेळात आजही चौघेच वाजवतात. उत्पादकता वाढत नाही. वेतन मात्र इतरांबरोबर वाढवावे लागते, नाहीतर वादक टिकत नाही. म्हणून जिवंत कला वर्षागणिक तुलनेने महाग होत जाते, आणि या महागाईत तिचा काही अपराध नसतो. नाट्यशिक्षणाला हा नियम दुहेरी लागू आहे, कारण शिक्षणही त्याच जातीचे. अर्थशास्त्राचा अध्यापक एका तासात शंभर विद्यार्थ्यांना मागणीचा नियम सांगू शकतो, तो नीट सांगतो की नाही हा भाग वेगळा. आवाज कसा लावावा हे शंभरांना एकदम सांगता येत नाही. प्रत्येकाचा गळा वेगळा, प्रत्येकाची भीती वेगळी.

विद्यार्थ्यांमागे शिक्षक मोजणाऱ्या व्यवस्थेच्या नजरेत असा विभाग नेहमीच उधळा ठरतो. राज्यातील विद्यापीठे आणि महाविद्यालये यांत मान्य पदे वर्षानुवर्षे रिक्त राहतात आणि काम तासिका तत्त्वावर भागवले जाते, हे आता सर्वांच्या परिचयाचे आहे. इतिहासाच्या किंवा वाणिज्याच्या विद्यार्थ्याचे त्यात नुकसान होतेच. पण निदान तास हे त्या विषयाचे खरे माप आहे. नाटकात ते नाही. तालीम पाच वाजता सुरू होते आणि रात्री संपते. तासिकेच्या देयकात तालमीचा रकाना नाही. जो तरुण शिक्षक तरीही थांबतो तो विद्यापीठाला अनुदान देत असतो, आणि त्याच्या घरची मंडळी त्याला.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. नट जन्मावा लागतो. वर्गात बसून कोण नट झाला? आक्षेप अगदीच पोकळ नाही. जालना जिल्ह्यातल्या जांब समर्थ गावचे राजकुमार तांगडे हे शेती करता करता नाटककार झाले. त्यांचे ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ हे नंदू माधव यांनी दिग्दर्शित केलेले नाटक २०१२ पासून महाराष्ट्रभर गाजले आणि त्यातले कलावंत बरेचसे गावाकडचे होते. त्यांना कोणत्या पदवीने घडवले, असे कोणी विचारील. उत्तर असे की बी उडत येते, पण जमीन आधी नांगरलेली असावी लागते. बोली भाषेत तीन तास नाटक चालते, शाहिरी आणि तमाशाचा बाज गंभीर प्रश्नाला चालतो, जातीचा प्रश्न रंगमंचावर हसतखेळत आणि तरीही निर्भयपणे मांडता येतो, या तिन्ही गोष्टी या प्रदेशात ‘युगयात्रे’पासून ‘वऱ्हाडा’पर्यंत कोणीतरी आधी करून दाखवल्या होत्या. नाट्यविभागाचे यश केवळ त्याच्या हजेरीपटावर शोधणे बरोबर नाही. युवक महोत्सवात भारुड, पोवाडा, लोकनाट्य, एकांकिका, मूकाभिनय करणारी मुले वाणिज्याची, शेतकीची, विज्ञानाची असतात. त्यांना बसवणारा, त्यांचे परीक्षण करणारा माणूस मात्र पुष्कळदा या विभागात शिकून गेलेला असतो.

आणि हा माणूस पोट कशावर भरतो? सर्वसाधारण शाळेत चित्रकलेच्या शिक्षकाची जागा तरी लोकांना ठाऊक आहे; नाट्यशिक्षक अशी जागा नाही. पदवी घेतलेला विद्यार्थी मुंबईला गेला नाही तर त्याच्यापुढे दोनतीनच मार्ग उरतात: बी.एड. करून भाषा शिकवणे, एखाद्या खासगी शाळेच्या संमेलनापुरते कंत्राट घेणे, किंवा दुकान टाकून संध्याकाळी नाटक करणे. मराठी हौशी रंगभूमी या तिसऱ्या प्रकारच्या माणसांनीच तगवली आहे. १९५४ पासून चालू असलेल्या राज्य नाट्य स्पर्धेचा खर्च शासनाच्या अंदाजपत्रकात जेवढा दिसतो त्याहून मोठा खर्च कारकुनांच्या रजांच्या अर्जांत, शिक्षकांच्या भविष्यनिर्वाह निधीतून काढलेल्या रकमांत आणि बायकांच्या मोडलेल्या भिशीत दडलेला आहे. हा आकडा कोणी काढलेला नाही, आणि काढला तर घराघरांत भांडणे होतील.

शहरातल्या नाट्यगृहांची कथा याहून निराळी नाही. एकनाथांच्याच नावाचे महापालिकेचे रंगमंदिर उस्मानपुऱ्यात आहे, गारखेड्याला जवळचे. दुरुस्तीसाठी ते कित्येक वर्षे बंद राहिले. त्या वर्षांत महाविद्यालयात दाखल झालेली मुले पदवी घेऊन बाहेर पडली, आणि आपल्या शहराच्या मोठ्या रंगमंचावर उभे राहण्याची संधी त्यांना मिळाली नाही. ते पुन्हा उघडले ही समाधानाची गोष्ट. पण नाट्यगृहाचे भाडे व्यावसायिक प्रयोगाला परवडते, बारा विद्यार्थ्यांच्या एकांकिकेला परवडत नाही. आठवड्यातले दिवस सकाळच्या वेळी अशी सभागृहे बहुतांशी रिकामी असतात. रिकाम्या सभागृहाचा पहारेकऱ्याचा खर्च चालूच असतो, आसनांवर धूळ बसते ती झाडण्याचाही. त्या वेळेत विद्यार्थ्यांना नाममात्र आकारात तालमीसाठी रंगमंच दिला तर महापालिकेचे उत्पन्न बुडणार नाही, कारण बुडण्याजोगे उत्पन्न त्या वेळेत नाहीच. सीमान्त खर्च शून्याजवळ असेल तेव्हा किंमतही शून्याजवळ असावी, हे पहिल्या वर्षाच्या पाठ्यपुस्तकात लिहिलेले असते. दिव्यांचे बिल तेवढे वेगळे घ्यावे. विद्यापीठ आणि महापालिका यांच्यात असा करार व्हायला एक बैठक आणि एक टंकलिखित पान पुरेसे आहे.

शाळांतही असेच काही करता येईल. गारखेडा परिसरात, सिडकोत, मुकुंदवाडीत पुष्कळ शाळा आहेत आणि संध्याकाळी त्यांचे वर्ग कुलूपबंद असतात. विभागाच्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्याने वर्षभर एका शाळेत आठवड्यातून दोन संध्याकाळी नाटक शिकवावे, विद्यापीठाने त्याला त्याचे गुण द्यावेत आणि शाळेने चहापाणी व येण्याजाण्याचा खर्च द्यावा. बी.एड.च्या सराव पाठांना शाळा जागा देतातच; याला का देऊ नये? यातून लगेच नोकऱ्या निर्माण होणार नाहीत. परंतु नाटक शिकवणारा शिक्षक शाळेत असतो ही गोष्ट मुख्याध्यापकांच्या आणि पालकांच्या डोळ्यांना सवयीची होईल, आणि सवयीच्या गोष्टीसाठी पद मागणे सोपे जाते.

गारखेड्यातल्या त्या वर्गात नऊ वाजून जातात. शिपायाने दोनदा जुडगा वाजवलेला असतो. एका मुलीला एक वाक्य जमत नसते. ती वाक्य प्रमाण मराठीत घोकून आलेली असते आणि दर वेळी मध्येच अडखळते. बसवणारा तिला म्हणतो की तुझ्या आजीने हे कसे म्हटले असते तसे म्हणून बघ. ती क्षणभर इकडेतिकडे पाहते, पदर नसताना पदर सारखा केल्यासारखे करते, आणि घनसावंगीकडच्या बोलीत ते वाक्य एका दमात म्हणून टाकते. बाकावर बसलेली मुले हसत नाहीत. शिपाई जुडगा खिशात घालतो आणि पुढचा प्रवेश संपेपर्यंत दाराशी थांबतो.